मदत हवी आहे: मिलिटरी बेस बंद झाल्यावर गावाचं काय होतं? (एमएचा प्रोजेक्ट, अडकलोय)

नमस्कार मंडळी, मी देवळी तालुक्यातला (जि. वर्धा), राज्यशास्त्र एमए, शेवटचं सेमिस्टर. सरांनी विषय दिला 'लष्करी तळ बंद होण्याचं राजकारण'. मी म्हटलं सर आपल्याकडं कुठं बंद होतात, तर म्हणे पुलगावचा डेपो (लष्कराच्या दारूगोळ्याचं कोठार) तुझ्या घरापासून किती लांब ते सांग. झालं, घेतला.

आधीच सांगतो, डेपो बंद होणार अशी काही बातमी नाहीये, उगाच व्हॉट्सअपवर फिरवू नका राजेहो.

वाचन अमेरिकेचंच जास्त झालं. तिथं १९७७ मध्ये असे नियम आले की बेस बंद करणं जवळपास अशक्य झालं, प्रत्येक खासदार आपल्या मतदारसंघातला बेस धरून बसायचा. मग १९८८ पासून वेगळाच आयोग नेमायला लागले, तो यादी काढणार आणि संसदेनं ती अख्खी घ्यायची नाहीतर अख्खी नाकारायची, मधलं एकच नाव खोडता येत नाही. १९८८, ९१, ९३, ९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्या झाल्या. म्हणजे सगळी ओढाताण यादी पक्की व्हायच्या आधीच. २००५ ला साउथ डकोटातला एल्सवर्थ हवाई तळ बंद करा असं संरक्षण खात्यानंच सुचवलं होतं, गाव आणि पुढारी असे काही मागं लागले की आयोगानं तो यादीतून काढला. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड मात्र १९९४ ला बंद झाला, दुसऱ्याच वर्षी तिथं विद्यापीठ आलं, पण जमिनीत जुने न फुटलेले तोफगोळे निघत राहिले आणि सफाई कितीतरी वर्षं चालली.

फिलिपिन्सचं उलटं. १९९१ ला तिथल्या सिनेटनं १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकन तळ चालू ठेवायचा करार फेटाळला आणि १९९२ च्या नोव्हेंबरात अमेरिकन सुबिकचा नौदल तळ सोडून गेले. पुढं तिथं करमुक्त बंदर झालं, कारखाने आले. पण अमेरिकन बापांची पोरं ओलोंगापो गावात मागंच राहिली.

इथपर्यंत लिहून झालं. अडलो आपल्या गावात.

मामा डेपोजवळच्या गावात राहतो. ३१ मे २०१६ ला मध्यरात्र उलटल्यावर डेपोत आग लागली तेव्हा हे सगळे लेकरं उचलून शेतातून पळाले होते, मामी अजूनही दिवाळीत मोठा फटाका वाजला की दार लावून घेते. नंतर २०१८ च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, ६ जण गेले, त्यात जास्त मजूरच. मी मामाची मुलाखत घेतली (मोबाईलवर रेकॉर्ड केली). मामा म्हणे, "हे मरण आमच्या उशाशी काहून ठेवलं, न्या म्हणा दुसरीकडं." अन् चहा यायच्या आत मलेच विचारते, "आपल्या पोट्ट्याचं डेपोत काही जमते काय, पाय ना."

गाइड म्हणतात दोन्ही विधानं परस्परविरोधी आहेत, एकच निवड. मला ते पटत नाहीये. काय करू? आणि भारतातलं बंद झालेलं उदाहरण म्हणून मिलिटरी फार्म (लष्कराला दूध पुरवणारे गोठे) घेऊ का? २०१७ ला ३९ फार्म बंद करायचं ठरलं आणि मार्च २०२१ ला शेवट झाला. तिथं कामाला असलेलं कोणाच्या ओळखीत आहे का?

नाचणगावचा_पोट्टा: भाऊ, उदाहरणासाठी एवढ्या लांब काहून जातो? पुलगावची कापड गिरणी बंद पडली, आर्वीची छोटी रेल्वेगाडी बंद पडली, आमच्या आज्याले विचार म्हणजे पूर्ण चॅप्टर होते तुझा. गिरणीच्या भोंग्यावर अख्ख्या गावाची घड्याळं चालत होती. फक्त गिरणी अन् डेपो एकच आहे असं लिहू नको, गिरणीचा मालक हात वर करू शकतो, सरकारले तसं जमत नाही.

विहिरीवरून: फार्म घ्याच. पण एक बघा, फार्मवरच्या पर्मनंट लोकांना संरक्षण खात्यातच दुसरीकडं सामावून घेतलं. ठेक्यावरच्याचं नाव कोणत्या यादीत असतं? तुमच्या प्रोजेक्टचा अर्धा भाग तिथंच आहे. गेटसमोरचा चहावाला, पंक्चरवाला, भाड्यानं खोल्या देणारी बाई, यांना विचारा. आत काय आहे, कुठं आहे हे मात्र कोणालाच विचारू नका आणि गेटचे फोटो काढू नका, फुकट लफड्यात पडाल.
मामाच्या वाक्याचं: दोन्ही ठेवा, आणि त्यांच्याच बोलीत ठेवा. गाइडना सांगा एल्सवर्थच्या लोकांना नुसता पगार वाचवायचा होता, तुमच्या मामाला पगारही पाहिजे आणि झोपही.

धागाकर्ता: थँक्स जी दोघांनाही. रविवारी आज्याकडं येतो, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. मामाले सांगितलं तुझं वाक्य जसंच्या तसं छापतो, तर म्हणे पहिलं छाप, दुसरं नको, पोट्ट्याचा फॉर्म भरला आहे. आता हे कसं करू तेवढं सांगा.