लहान बाईकचं मॉडिफिकेशन : काय केलंत, काय हाती लागलं?

किकस्टार्ट
माळ्यावरची हत्यारांची पेटी आवरताना तळाशी कागदात गुंडाळलेले पितळी जेट सापडले, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी. कॉलेजात असताना १०० सीसीच्या गाडीसाठी आणलेले. प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला, भोक तर उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा मोकळा सायलेन्सर लावला होता. आवाज दणदणीत, पण मूठ पूर्ण पिळली की गाडी मिसिंग मारायची. हवा जास्त, पेट्रोल कमी. मग मोठा मेन जेट टाकायचा, चक्कर मारायची, प्लग खोलून रंग बघायचा. पांढरट आला की अजून मोठा, काजळी धरली की एक नंबर खाली. शेवटी विटकरी रंग आला आणि गाडी लोण्यासारखी चालली. टॉप स्पीड मात्र होता तिथेच! असल्या गाडीची ताकद ८ अश्वशक्तीच्या आसपास. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त हवी. ती नुसत्या सायलेन्सरमधून येत नाही. तरी माझे कष्ट वसूल झाले, कारण इंजिन कळलं. तुमचं लिहा.

चढउतार
पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दात्यांचं काढून १३ चं टाकलं. बस्स. डबलसीट असताना चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडायची, आता त्याच गिअरमध्ये आरामात चढते. सपाटीला त्याच स्पीडला इंजिन ७-८ टक्के जास्त फिरतं, अ‍ॅव्हरेज थोडं पडलं. मला चालतंय.

मधली_सुट्टी
मोकळा सायलेन्सर म्हटलं की आमचे भाऊजी! बाळ नुकतं झोपवावं आणि हे गल्लीच्या तोंडाशी आले की दचकून उठायचं. सासूबाई म्हणाल्या, "तो भोंगा काढ, नाहीतर कोपऱ्यापासून गाडी ढकलत आण." चार दिवस खरंच ढकलत आणली हो त्यांनी!

चढउतार
😂 सासूबाईंना नमस्कार सांगा.

लायनर
मी बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवला होता. ५० मिमी बोर, ४९.५ स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे ९७ सीसी. ५४ चा पिस्टन बसला की ११३. पिकअपमध्ये फरक जाणवतो, अगदी पहिल्या गिअरपासून. पण बाकी सगळं मूळच्या ताकदीच्या हिशोबाने बनवलेलं असतं. क्लच प्लेटा सरकायला लागल्या, इंजिन जास्त तापायचं, एक दुरुस्त केलं की दुसरं निघायचं. मला इंजिन खोलायची हौस, त्यामुळे मजा आली. रोज कामावर जायचं असेल त्याने सरळ १२५ ची घ्यावी.

रात्रपाळी
दादाने मागे जाड टायर टाकला होता, मूळच्या बारीक रिमवरच. रिम टायरला दोन्ही बाजूंनी आवळते, तो मधोमध फुगतो, वळणावर गाडी वेगळीच वागते. त्यातच एकदा पडला, मनगट मोडलं.

मधली_सुट्टी
अरे देवा. आता कसे आहेत?

रात्रपाळी
बरा आहे ताई. प्लेट आहे आत, थंडीत ठणकतं. टायर दुसऱ्याच आठवड्यात मूळ मापाचा केला.

टॅपेट
वडिलांची गाडी "ओढत नाही" म्हणून आली होती माझ्याकडे. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं, अर्धा फेरा होऊन थांबलं! ब्रेक शू चिकटलेले. ते साफ केले, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) सेट केले, चेनचा ताण बरोबर केला, टायरमध्ये पुस्तकात लिहिलीय तेवढी हवा. नवीन पार्ट एकही नाही. बाबा चक्कर मारून आले आणि विचारलं, "इंजिन बदललंस का?" आधी हे करा रे पोरांनो, मग सायलेन्सर बघा. आणि ताकद वाढवणार असाल तर ब्रेक त्याच्या आधी.

लायनर
+१ ब्रेकबद्दल.

नवी_गाडी
माझी इंजेक्शनची आहे, म्हणजे कार्ब्युरेटरच नाही, त्यामुळे जेट नाहीच. फिल्टर-सायलेन्सर बदलले तर आपोआप अ‍ॅडजस्ट होतं म्हणतात?

किकस्टार्ट
अर्धवट खरं. हलक्या मुठीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बघून ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल कमीजास्त करतो. पूर्ण मूठ पिळलीत की तो आत भरलेल्या मॅपवर (किती पेट्रोल सोडायचं त्या ठरलेल्या तक्त्यावर) चालतो, आणि तो मॅप मूळ सायलेन्सरचा. म्हणजे नेमकं जिथे ताकद हवी तिथेच पेट्रोल कमी पडू शकतं. शिवाय धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक वेळा त्याच सायलेन्सरच्या नळीत असतं, ते काढू नये असं माझं ठाम मत. वॉरंटी जाते ते वेगळंच.

नवी_गाडी
मग राहू दे. स्प्रॉकेटचं बघतो.

मधली_सुट्टी
टॅपेट दादा, चेनला तेल कुठलं? माझ्या गाडीची कटकट वाजते.

टॅपेट
९० नंबरचं गिअर ऑइल चालेल. आधी सैल आहे का बघा, कटकट बहुतेक त्याचीच. तेल टाकताना इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर, चाक हाताने हळूहळू फिरवत टाका. जास्तीचं फडक्याने पुसा, टायरला लागू देऊ नका. आणि बोटं जपा ताई.