मदत हवी आहे: मुलं अभ्यास करतात, पण काय येत नाही ते सांगता येत नाही

पाटीपेन्सिल
नववी-दहावीच्या १२ मुलांचा गट आहे. आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं मिळतात. विषय शिकवायचा नाही. अभ्यास कसा करायचा आणि अडलं तर कसं विचारायचं, एवढंच काम. मुलं तासन्‌तास वाचतात, पुस्तक पिवळंधमक करून ठेवतात आणि पेपरात 'वाचलं होतं, आठवलं नाही'. शंका विचारा म्हटलं की एक तर 'सगळं समजलं' नाहीतर 'काहीच समजलं नाही'. वेळापत्रकं करून झाली, आठवडाभर टिकतात. सुरुवात कुठून करू?

खडूफळा
वेळापत्रक सध्या बाजूला ठेवा. आपल्याला नेमकं काय येत नाही हेच ठाऊक नसेल तर मूल विचारणार तरी काय? पहिले चार तास फक्त कोरा कागद.

दोन पानांचा मजकूर, १५ मिनिटं वाचन, पुस्तक बंद. कागदाच्या कोपऱ्यात अंदाज लिहायचा: १० प्रश्नांपैकी किती येतील? मग ७ मिनिटं आठवेल ते लिहायचं, ६ मिनिटांत १० छोटे प्रश्न सोडवायचे आणि उरलेल्या वेळात पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने तपासायचं. अंदाज ८ आणि बरोबर ४, हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की 'वाचलंय म्हणजे येतंय' हा समज ढिला पडतो.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे मुलं चूक खोडून वर बरोबर उत्तर लिहितात. खोडू देऊ नका. चूक वाचता आली पाहिजे, पुढे तिचंच काम आहे.

उजळणी
खडूफळा, +१. एक भर घालतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के राहिलं होतं, वाचणाऱ्यांच्या ४२. मुलांना हे आधीच सांगा, कारण पहिल्या दिवशी ही पद्धत हरल्यासारखीच वाटते आणि ती सोडून देतात.

तोच मजकूर दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदावर, दर वेळी फक्त ५ मिनिटं. निम्म्याहून कमी आठवत असेल तर कागद ठेवून द्या, परत वाचायला लावा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पाटीपेन्सिल
हे जमेल. पण विचारण्याचं काय? एकीला वाचायलाच वेळ लागतो आणि शिक्षकांशी दर वेळी तिची आई बोलते.

खडूफळा
विचारण्याचा कच्चा माल त्या न खोडलेल्या चुकांत असतो. समजा एकाला 'गणित येत नाही'. कागदावर सहा चुका, त्यांतल्या चार एकाच जागी: −३(क्ष − ४) चं त्याने −३क्ष − १२ केलंय. आता प्रश्न तयार आहे: 'सर, सातवं उदाहरण तिसऱ्या पायरीपर्यंत केलं. माझं उणे १२ येतंय, पुस्तकात अधिक १२ आहे. चिन्ह का बदललं?' कुठपर्यंत आलो, कुठे अडलो, काय हवं, इतकंच. आधी लिहून काढायचं, मग दोघा-दोघांत मोठ्याने बोलून बघायचं.

त्या मुलीचंही तसंच. 'मला वेळ वाढवून द्या' यावर शिक्षक अडतात. तिने दोन सराव पेपर घड्याळ लावून सोडवावेत आणि वाचण्यात किती मिनिटं गेली ते समासात लिहावं. मग 'वाचण्यातच २० मिनिटं जातात, शेवटचे दोन प्रश्न राहतात. जास्त वेळ मिळेल का, किंवा कुणी प्रश्न वाचून दाखवेल का?' असं बोलता येतं. आईला एकदम बाजूला करू नका. पहिल्या भेटीत पहिलं वाक्य मुलीचं, बाकी आईचं. दुसऱ्या भेटीत आई नुसती बसेल. तिसऱ्यांदा मुलगी एकटी.

उजळणी
आणि शिक्षक 'नंतर ये' म्हणाले की निम्मी मुलं परत जातच नाहीत. 'कधी येऊ, मधल्या सुट्टीत की शाळा सुटल्यावर?' हे दुसरं वाक्यही तोंडात बसवून घ्या. भर वर्गात विचारायला लावू नका, लाजरी मुलं तिथेच मिटतात.

पाटीपेन्सिल
सोमवारपासून कागद सुरू करते. ते १० प्रश्न मी काढायचे की मुलांनी?

खडूफळा
पहिले दोन आठवडे तुम्ही. मुलं सुरुवातीला ठळक अक्षरातल्या व्याख्यांवरच प्रश्न काढतात. 'का' आणि 'कसं'चे निदान चार असू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून जोडीदाराने काढलेले.