जुन्या गेटवेला २०१४ च्या स्कॉर्पिओचं बॉनेट बसेल का?

रत्नांग्रीचा_गेटवेवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्राची २००९ ची स्कॉर्पिओ गेटवे (Getaway) पिकअप आहे, डबल कॅब (मागेही सीट आणि दारं), २.६ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन. इंजिन अजून ठणठणीत, आंब्याच्या सीझनला पेट्या भरून रोज पळते, पण बॉनेटची पुढची कड खाऱ्या हवेने पार खाल्लीय, लॉकच्या हुकाशेजारी बोट दाबलं तर पत्रा आत जातो. डेंटर म्हणतो पॅच मारतो, पण दोन पावसाळ्यांत परत फुगेल. मग म्हटलं बदलायचंच तर २०१४ वाल्या नवीन स्कॉर्पिओचं टाकावं, चेहरा पण बदलेल. नुसतं बॉनेट बसतं का? आणि आरटीओची काय भानगड होते का?

गॅरेजवाला_नाशिक:
भाऊ, नुसतं नाही बसणार. २०१४ ला कंपनीने दरवाजे, छत जुनंच ठेवलं त्यामुळे काचेकडची बाजू बऱ्यापैकी जुळते, पण पुढचं सगळं बदललं ना, हेडलाइटचा आकार, ग्रिल, फेंडरची (पुढच्या चाकावरच्या पत्र्याची) वरची कड. जुन्या फेंडरवर नवीन बॉनेट ठेवलं की एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला पत्र्यावर पत्रा. म्हणजे बॉनेट, दोन्ही फेंडर, हेडलाइट, ग्रिल, बंपर असा अख्खा सेट घ्यावा लागतो. त्यात चेसिस (खालचा सांगाडा) पण २०१४ ला नवीन आली, सो बंपरचे ब्रॅकेट बनवून घ्यावे लागतात. प्रोजेक्टर (भिंगवाले) लाइट लावले तर कपलर (वायर जोडायचे प्लग) वेगळे, वायर कापून टेप मारणाऱ्याकडे देऊ नका, रिले (लाइटचा करंट सांभाळणारा वेगळा स्विच) टाकून नीट वायरिंग करा.

घाटवेडा:
सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. २.६ ला इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारी जाळी) इंजिनच्या वर आडवा बसतो आणि बॉनेटवरच्या स्कूपमधून (हवा आत घेणाऱ्या उंच तोंडातून) त्याला हवा मिळते, खाली फोमची पट्टी असते ती इंटरकूलरच्या कडेवर दाबून बसते म्हणून हवा इकडेतिकडे न जाता त्याच्यातूनच जाते. नवीन बॉनेटचं तोंड तुझ्या इंटरकूलरच्या बरोब्बर वर येतं का, मध्ये किती जागा राहते, हे टेपने मोजल्याशिवाय पैसे देऊच नकोस. पेट्या भरून आंबा घाट चढताना गरम हवा टर्बोकडून तशीच आत गेली तर गाडी ओढणार नाही आणि डिझेल जास्त खाईल. दिसण्यापायी हे बिघडवू नये असं मला मनापासून वाटतं.

कुर्ला_पार्टस:
आरटीओचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीवरची (गाडीच्या नोंदणी पुस्तकातली) माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ ला हेच उचलून धरलं. जुन्याच टाइपचं बॉनेट त्याच रंगात टाकलंत तर आरसीवरचं काहीच बदलत नाही. अख्खा चेहरा बदलायचा तर आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद. माझं मत, कुर्ल्याला सीएसटी रोडला जुनं बॉनेट शोधा. खिशात चुंबक घेऊन जा आणि सगळीकडे फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे.

रत्नांग्रीचा_गेटवेवाला:
सगळ्यांचे आभार. इंटरकूलरचं माझ्या डोक्यातच नव्हतं. जुन्याच टाइपचं बघतो. पण ते परत गंजू नये म्हणून काय करू? आणि बसवताना काय बघायचं?

गॅरेजवाला_नाशिक:
रंग मारायच्या आधी आतली बाजू बघा भाऊ, पुढे पत्रा दुमडलेला असतो ना त्या दुमडीत पाणी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्रायमर आतूनही मारायला लावा, रंग वाळला की दुमडीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) सोडा. खालची पाणी जायची भोकं बुजवू देऊ नका, पेंटर लोक सर्रास बुजवतात. जुनं काढताना बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून ठेवा, तिथंच नवीन धरा, दोघं लागतात. आधी नट हलके आवळा, दोन्ही फेंडरकडची फट सारखी करा, मग पुढचे रबर बफर वरखाली करून उंची जुळवा. लॉक शेवटी. आतला लिव्हर ओढल्यावर बॉनेट दोन बोटं उचलून थांबलं पाहिजे, दुसऱ्या हुकावर. नाही थांबलं तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका, हायवेला उडून काचेवर येतं.