उन्हाळ्यात जर्मन शिकायला येणारी भाची

विषय: भाचीसाठी उन्हाळी जर्मन कोर्स, सल्ला हवा आहे

मंडळी, सप्रेम नमस्कार.

माझ्या बहिणीची मुलगी पुढच्या उन्हाळ्यात नाशिकहून इकडे जर्मनीत यायचं म्हणते आहे. तोवर तिचं इंजिनिअरिंग संपेल आणि मग इथे मास्टर्सला अर्ज करायचा आहे. शिक्षण इंग्रजीतून असलं तरी आधी भाषेची ओळख व्हावी, म्हणून ऑगस्टमध्ये एक महिन्याचा इन्टेन्सिव कोर्स करायचा विचार आहे. सध्या जर्मनचा एक शब्दही येत नाही. आमच्याकडेच श्टुटगार्टला राहील, सकाळी वर्गाला जाईल, म्हणजे राहण्याजेवणाची काळजी नाही.

महिन्याभरात ए1 ची, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा देऊन परत जाता येईल का? आणि कोर्स विद्यापीठाचा घ्यावा, फोल्क्सहोखशूलचा (म्हणजे सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्राचा) की खासगी शाळेचा? ज्यांच्या घरी कुणी असं शिकून गेलं असेल त्यांनी जरूर लिहा.

श्टुटगार्टची मावशी

---

विषय: उत्तर: भाचीसाठी उन्हाळी जर्मन कोर्स

ताई, नमस्कार.

मी नवशिक्यांना जर्मन शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी परीक्षेबद्दल. शून्यापासून महिन्याभरात ए1 पूर्ण होईल असं धरून चालू नका. ए1 ला साधारण 150 ते 200 तासिका लागतात, तासिका 45 मिनिटांची. इन्टेन्सिव वर्गात आठवड्याला 20 ते 25 तासिका होतात, म्हणजे चार आठवड्यांत 80 ते 100. एवढ्यात ए1.1, म्हणजे निम्मी पातळी होते. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, पैसे भरण्याआधी एकूण तासिका विचारा.

म्हणून माझं सांगणं असं की तिने कोरी पाटी घेऊन येऊ नये. मुळाक्षरं, अंक, ‘जाइन’ (असणे) आणि ‘हाबेन’ (जवळ असणे) ही दोन क्रियापदं, वर्तमानकाळ, प्रश्नार्थक शब्द, हे सगळं नाशिकला बसून होतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे ऑनलाइन धडे आणि फोल्क्सहोखशूलचं लर्नपोर्टाल ही वेबसाइट, दोन्ही फुकट आहेत. रोज तासभर दिला तर प्रवेशाच्या वेळच्या चाचणीत तिला थेट ए1.2 चा वर्ग मिळू शकतो. इथला महिना महाग आहे. तो पुस्तकातले तक्ते पाठ करण्यात घालवू नये. इथे कान आणि जीभ तयार व्हायला हवी, ते तिकडे बसून होत नाही.

दुसरं, तिला जर्मन इंग्रजीतून शिकू देऊ नका. मराठी मुलांना मी हे कळकळीने सांगते, कारण जर्मनमधलं जे जे इतरांना डोईजड होतं त्यातलं बरंचसं आपल्या घरातलंच आहे. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. मुलीला ‘दास मेटशेन’ म्हणताना, म्हणजे नपुंसकलिंग वापरताना इंग्रजी बोलणारे अडखळतात. आपण ‘ते लेकरू’, ‘ते पोर’ म्हणतच मोठे झालो. (लिंगं जुळतील असं मात्र नाही. आपलं ते टेबल तिथे ‘डेअर टिश’ म्हणून पुल्लिंगी होतं. प्रत्येक नाम आर्टिकलसकटच, म्हणजे आधीच्या ‘डेअर’, ‘दी’, ‘दास’सकटच पाठ करायचं, याला दुसरा इलाज नाही.) ‘मला थंडी वाजते’ याला जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’, तिथेही ‘मला’च. इंग्रजीवरून जाणारा ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि चुकतो. पंचविसात आपण आधी पाच घेतो आणि मग वीस, ‘फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश’ मध्येही तेच. चमच्यातला ‘च’ ज्याला येतो त्याला ‘त्साइट’चा (वेळ) उच्चार वेगळा शिकवावा लागत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद तर समजावावाही लागत नाही.

जड जातं ते दुसरंच. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी बसवायची सवय आपल्याला नाही. ‘होयटे गेहे इश’, आज जाते मी. आपली जीभ क्रियापदासाठी वाक्य संपायची वाट बघते. शिवाय ‘यू’ आणि ‘ओ’ वरचे दोन ठिपके, आणि ऱ्हस्व-दीर्घ. बोलताना आपण ते सैल ठेवतो, जर्मनमध्ये त्याने शब्दच बदलतो. तिने सगळा जोर इथे लावावा.

आता एक गोष्ट लिहिते, राग मानू नका. तिला तुमच्याकडे ठेवू नका. वर्गात दहा देशांची मुलं असतात, मधल्या सुट्टीत सगळी इंग्रजीवर येतात. दुपारी घरी आली की तुमच्याशी मराठी. म्हणजे जर्मन उरतं ते फक्त बाईंच्या तोंडचं. जर्मन कुटुंबात खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर वसतिगृह. रात्रीच्या जेवणाला मीठ मागण्यापासून कचरा कुठल्या डब्यात टाकायचा इथपर्यंत सगळं जर्मनमध्ये निभावावं लागतं, आणि त्या निभावण्यातच भाषा येते.

कार्ल्सरूहेहून

---

विषय: उत्तर: भाचीसाठी उन्हाळी जर्मन कोर्स

कागदपत्रांचं थोडक्यात लिहितो.

90 दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा, म्हणजे अल्प मुदतीचा व्हिसा चालतो. शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत, तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच हालचाल करा. खर्चाची हमी मावशी म्हणून तुम्ही देणार असाल तर तुमच्या आउसलेंडरबेहोर्डेत (परदेशी नागरिकांच्या कचेरीत) जाऊन फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे हमीपत्र करून घ्या, त्याचे 29 युरो पडतात. त्यांचीही अपॉइंटमेंट आधीच धरा. या व्हिसावर आल्यावर इथेच राहून तो विद्यार्थी व्हिसात बदलून घेऊ असा बेत मात्र करू नका. मास्टर्ससाठी तिला परत जाऊनच नवा अर्ज करावा लागेल.

प्रवासाला डॉइचलांडटिकिट (देशभरातल्या लोकल आणि रीजनल गाड्यांचा मासिक पास) घ्या, 2026 पासून महिना 63 युरो. ते वर्गणी पद्धतीचं आहे, 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात.

आणखी एक. ऑगस्टमध्ये आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात शाळांना सुट्टी असते, तेव्हा बऱ्याच फोल्क्सहोखशूलचे वर्गही बंद असतात. विद्यापीठांचे उन्हाळी कोर्स मात्र याच काळात भरतात. हायडेलबर्गचा जुना आणि चांगला आहे. काही ठिकाणी अगदी शून्य पातळी घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

मानहाइमचा काका

---

विषय: उत्तर: भाचीसाठी उन्हाळी जर्मन कोर्स

कार्ल्सरूहेच्या ताईंचं व्याकरणाचं सगळं पटलं, पण मावशीकडे ठेवू नका हे मला पटत नाही. मुलगी पहिल्यांदाच देशाबाहेर येते आहे. परक्या घरात महिनाभर गप्प बसून राहिली तर भाषा येणार कुठून? आमच्याकडे दिराचा मुलगा राहिला होता. आम्ही नियमच केला होता, रात्रीच्या जेवणापर्यंत घरात जर्मनच बोलायचं. रोज सकाळी ब्रेड आणायचं काम त्याचं. ‘इश हेटे गेर्न त्स्वाय ब्र्योटशेन’ (मला दोन पाव हवेत) इतकं म्हणायला पहिल्या दिवशी घाम फुटला, पण महिनाअखेरीस बेकरीतल्या बाई त्याला हवापाण्याचं विचारत होत्या. समोरच्याने इंग्रजी सुरू केली तरी आपण जर्मन सोडायचं नाही, हेही त्याला बजावलं होतं. बऱ्याच शहरांच्या वाचनालयांत श्प्राखकाफे असतो, तिथे फुकट गप्पा मारता येतात. तिला तिथे नक्की पाठवा.

उल्महून

---

विषय: उत्तर: भाचीसाठी उन्हाळी जर्मन कोर्स

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बहिणीशी आणि भाचीशी बोलले.

आता असं ठरतंय: आजपासून ते जुलैपर्यंत नाशिकला तयारी, ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग. सोमवार ते शुक्रवार वसतिगृहात, शनिवार-रविवार आमच्याकडे. रीजनल गाडीने दीड-दोन तासांचं अंतर आहे, डॉइचलांडटिकिटातच होईल. उल्मच्या वहिनींचा नियम शनिवारी आमच्या घरी लागू करू. माझे यजमानही तयार आहेत, त्यांचंही जर्मन सुधारायला हवंच आहे.

परीक्षेची घाई इथे करणार नाही. ती परत गेल्यावर पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ए1 देईल. 100 पैकी 60 गुण लागतात. तोंडी परीक्षेत आपली ओळख करून देताना नाव एकेक अक्षर उच्चारून सांगावं लागतं असं कळलं. आडनाव लांबलचक आहे, तेव्हा ‘आ, बे, त्से’ पासून सुरुवात कालच झाली.

हायडेलबर्गमध्ये कुणाच्या ओळखीत जर्मन आजी-आजोबा असतील, आणि आठवड्यातून एखादी संध्याकाळ तिच्याशी बोलायला तयार असतील, तर मला वेगळी मेल करा. बदल्यात ती त्यांना बागेत किंवा कॉम्प्युटरच्या कामात मदत करेल.

श्टुटगार्टची मावशी