ट्रकच्या पाट्याचा कोयता पाण्यात तडकला. चूक नेमकी कोठे झाली?

नवखा घण, फोंडा

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी घरामागच्या अंगणात मी लोखंडकामाची हौस भागवत आहे. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी, रुळाच्या तुकड्याची ऐरण, करवंटीचा कोळसा आणि हवा द्यायला एक छोटा ब्लोअर एवढाच संसार आहे. भट्टी चिऱ्यांच्या ओट्यावर बसवली असून हवेसाठी नळकामातला उरलेला जस्ताच्या मुलाम्याचा नळ थेट निखाऱ्यांपर्यंत नेला आहे. आजवर आकडे, खुंट्या आणि चिमटे यांपलीकडे मजल गेली नव्हती. पावसाळा सरल्यावर मात्र घरच्या शहाळ्यांसाठी कोयता करावा असे मनाने घेतले आणि डिचोलीच्या भंगारातून खनिजवाहू ट्रकचा एक पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) आणला.

पहिला कोयता भर दुपारी नारिंगी होईपर्यंत तापवला आणि सरळ पाण्याच्या बादलीत बुडवला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. बाहेर काढून पाहतो तर धारेपासून पाठीकडे तीन बोटे लांब चीर गेलेली! रागाने हातोडा घातला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले आणि तुटलेल्या जागी बांगड्याला लावतो त्या जाड्या रव्यासारखे चमकते दाणे दिसले. दुसरा कोयता डिसेंबरातल्या एका सकाळी लहान डब्यातल्या खोबरेल तेलात बुडवला. तो तडकला नाही, पण झावळीच्या देठावर पहिलाच घाव घातला आणि धार कागदासारखी मुडपली.

माझ्या आजोळचा लोहार दगडी डोणीतल्या पाण्यातच कोयत्यांना पाणी द्यायचा, हे मी लहानपणी समोर बसून पाहिले आहे. त्याचे कोयते तडकत नसत, मग माझाच का तडकावा? आणखी एक शंका आहे. जुने लोक सांगतात की एके काळी गोव्यात बंदुका घडत असत. त्यात तथ्य आहे का?

ऐरणकर, डिचोली

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या रव्यात आहे. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापले की त्याचे कण फुगतात, आणि असे जाड कणांचे पोलाद कडक केल्यावर काचेसारखे ठिसूळ होते. नीट तापवलेले पोलाद तुटले तर तुटलेली जागा राखाडी आणि मखमलीसारखी दिसते. भर दुपारी उघड्या अंगणात काम केल्याने रंगाने तुम्हाला फसवले असावे, कारण सावलीत जो नारिंगी डोळ्यांत भरतो तोच उन्हात मंद तांबडा भासतो आणि माणूस आणखी हवा देत राहतो. दिवे लागणीनंतर किंवा छपराच्या काळोख्या कोपऱ्यात तापवून पाहा. रंगावर विश्वास नसेल तर तारेला एक लोहचुंबक टांगून ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. तेथून किंचित वर गेलात की पुरे.

पाण्याचे म्हणाल तर पाट्याचे पोलाद पाण्यासाठी नाही. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आतबाहेर असतो आणि सोबतीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. हे पोलाद तेलातही भरपूर कडक होते, पाण्यात मात्र ते इतक्या घाईने आकसते की चीर पडते. शिवाय खाणीवरच्या ट्रकांनी कोणते ओझे कसे वाहिले हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्यानंतर आमच्याकडच्या भंगारात असे पाटे ढिगाने आले. मी त्यांतले पुष्कळ वापरले, त्यामुळे सांगतो की मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग कधी घेऊ नये. तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आधीच असू शकतात.

दुसऱ्या कोयत्याची कथा वेगळी आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजू लागते, आणि डिसेंबरातल्या सकाळी आपल्याकडेही ते डब्यात घट्ट होते. घट्ट तेल पात्याभोवती नीट फिरत नाही, त्यातून लहान डबा लगेच तापतो. तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून घ्या, निदान पाच-सहा लिटर घ्या आणि पाते पुढे-मागे हलवा. आडवे हलवलेत तर ते वाकेल. तेल पेट घेऊ शकते, म्हणून झाकण हाताशी असू द्या. दुसरी शक्यता अशी की वारंवार तापवल्याने पृष्ठभागातला कार्बन जळून गेला असेल. धारेवरून अर्धा मिलिमीटर कानशीने काढून पाहा. आत कानस घसरू लागली, तर पाते कडक झाले आहे आणि मऊ होती ती फक्त वरची साल.

कडक करण्याआधी पाते तीन वेळा चुंबक सोडेपर्यंत तापवून स्थिर हवेत गार होऊ द्या, म्हणजे फुगलेले कण पुन्हा बारीक होतात. कडक केल्यावर ते घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळूहळू तापवा. धारेवर गवती पिवळ्याच्या पुढचा तपकिरी रंग आला की थांबा. पाठ निळी झाली तरी चालेल. रेंदेराच्या (माडाची सूर काढणाऱ्याच्या) कातीला याहून कडक धार लागते, कारण ती पोय म्हणजे माडाचा फुलोरा तासते, घाव घालत नाही. कोयत्याला मात्र मार सोसायचा असतो.

चिरेबंदी, म्हापसा

आजोळच्या लोहाराबद्दल थोडे सांगतो, कारण ऐरणकरांनी तो धागा सोडून दिला. जुने लोहार बहुधा अख्खा कोयता पोलादाचा करत नसत. अंग मऊ लोखंडाचे असे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून त्यात सांधलेली असे. सांध्यावर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकत, म्हणजे लोखंडावरची खपली वितळून बाहेर पडे आणि दोन्ही धातू एकजीव होत. ती पट्टी साध्या कार्बनी पोलादाची असल्याने तिला पाणी सोसत असे. शिवाय लोहार फक्त धार बुडवून पाते उचलत असे, मग पाठीत उरलेली ऊब धारेकडे उतरे आणि तिचा ठिसूळपणा कमी होई. तुम्ही लहानपणी बुडवणे पाहिलेत, उचलून थांबणे बहुधा ध्यानात राहिले नाही.

बंदुकांची गोष्ट दंतकथा नाही. १५१० साली पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा येथे शस्त्रे घडवणारे कारागीर आधीपासूनच होते. १५१३ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवले की गोव्याच्या बंदुका मध्य युरोपातल्या बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत. त्या काळी नळी म्हणजे लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, लाल-पांढरी तापवून, कडांनी सांधलेली असे. कोयत्याची धार सांधण्याचेच ते काम आहे, फक्त ते हातभर लांब करायचे आणि कोठेही कच्चे ठेवायचे नाही, कारण कच्चा सांधा चालवणाऱ्याच्या तोंडावर फुटणार. १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर जपानला पोहोचलेल्या तोड्याच्या बंदुकांची घडण गोव्याच्या घडणीशी जुळते, असे अनेक अभ्यासक मानतात.

राखाडी हात, काणकोण

कोयत्यावर बोलून झाले आहे, म्हणून मी नळावर बोलतो. तो नळ आजच काढा. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि भट्टीतले निखारे त्याहून बरेच गरम असतात. पांढरा धूर आणि नळावर पिवळट-पांढरी भुकटी दिसली तर समजा की जस्त तुमच्या छातीत चालले आहे. चार वर्षांपूर्वी मी जस्ताच्या मुलाम्याची सळई कुंपणासाठी बंद पडवीत तापवली होती. संध्याकाळी जिभेवर गोडसर धातूची चव आली, आणि रात्री दोन गोधड्या घेऊनही दात वाजत राहिले. शेजाऱ्यांनी दूध पाजले, त्याने पोट भरले एवढेच. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण डॉक्टरांनी जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही. साधा काळा लोखंडी नळ वापरा.

चिऱ्यांचेही तसेच आहे. पावसाळाभर पाणी प्यालेला चिरा एकदम तापला की आतल्या वाफेने त्याचा टवका उडतो. माझ्या ओट्याचा एक टवका उडून नव्या चड्डीला भोक पडले, आणि ते पायाला पडले नाही हे नशीब. भट्टी आणि चिरे यांच्यामध्ये चार बोटे कोरडी माती घाला आणि पहिला तासभर मंद जाळ ठेवा.

नवखा घण, फोंडा

सर्वांचा आभारी आहे. नळ बदलला, आणि काढलेल्या नळाच्या तोंडाशी ती पिवळट भुकटी होतीच. दुसऱ्या कोयत्याची धार कानशीने खाली नेली, तर खरोखरच अर्ध्या मिलिमीटरनंतर कानस घसरू लागली. म्हणजे तो कोयता वाया गेला नव्हता. आता त्याला मूठ बसवत आहे.

त्याच पाट्याच्या टोकाकडचा एक तुकडा तीन वेळा तापवून हवेत गार केला, सूर्य मावळल्यावर चुंबक लावून तापवला, कोमट तेलात बुडवला आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून मुद्दाम मोडला. तुटलेली जागा राखाडी आहे, एकही दाणा डोळ्यांना दिसत नाही. तो तुकडा आणि पहिल्या कोयत्याचा रवाळ तुकडा खिडकीत शेजारी शेजारी ठेवले आहेत. सहा लिटर खोबरेल कोठे गेले, याचा जबाब मात्र घरात अजून द्यायचा आहे.