सल्ला हवा: विनोदी सिनेमातल्या काल्पनिक बँडची रॉक गाणी

गिटारवेडा:
आमचा चौघांचा हौशी बँड आहे. गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड. पुढच्या कार्यक्रमात अर्धा तास फक्त अशीच गाणी वाजवायची आहेत. ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्यालाही चाल आवडली पाहिजे, नुसते गमतीदार शब्द नकोत. जाणकारांनी सुचवावं.

खर्जातला:
'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) आधी घ्या. मायकल मॅककीन, ख्रिस्तोफर गेस्ट आणि हॅरी शिअरर हे नट स्वतःच गातात, वाजवतात. तुमच्यासाठी 'गिमी सम मनी' उत्तम. साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडच्या धर्तीचं, थोडक्या कॉर्डचं गाणं आहे, लगेच बसेल. 'बिग बॉटम'मध्ये तिघेही गळ्यात बेस अडकवून उभे राहतात. तो खर्ज अंगावर येतो! शब्द चावट आहेत, समोर कोण बसलंय ते बघून ठरवा.

याच सिनेमातल्या 'स्टोनहेंज' गाण्याचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो: मंचावरच्या देखाव्यासाठी नॅपकिनवर काढलेल्या चित्रात फुटांऐवजी इंचांची खूण पडते आणि मंचावर १८ इंचांची दगडी कमान उतरते. पण त्या हशात शेवटची मँडोलिनची धून ऐकायची राहून जाते. ती नीट ऐका, फार सुरेख आहे. मँडोलिन वाजवणारं कुणी मिळालं तरच मात्र घ्या.

जुन्या_तबकड्या:
'रटल्स' हा काल्पनिक बँड कसा विसरलात? 'ऑल यू नीड इज कॅश' (१९७८), बीटल्सचं विडंबन, आणि त्यात खुद्द जॉर्ज हॅरिसन छोट्या भूमिकेत. गाणी नील इनिसची. बीटल्सच्या इतकी जवळ गेली की हक्कांवरून दावा झाला. 'होल्ड माय हँड' सुरुवातीच्या बीटल्ससारखं उसळतं, 'चीज अँड अनियन्स' पियानोवर संथ चालतं. माझ्या मते विडंबनात याहून सुंदर चाली कुणी बांधल्या नाहीत.

गिटारवेडा:
मनापासून आभार दोघांचे. 'दॅट थिंग यू डू' (१९९६) चालेल का?

जुन्या_तबकड्या:
अ‍ॅडम श्लेसिंजरचं ते शीर्षकगीत अप्रतिम आहे, ऑस्करचं नामांकन होतं त्याला. पण ते विडंबन नाही, साठच्या दशकातल्या पॉपवरचं निखळ प्रेम आहे. शेवटी वाजवा, लोक सोबत गातील. फक्त मुख्य गायकाला मागून साथ देणारे आवाज भरपूर घोटा. तुमच्यात गाणारे किती?

गिटारवेडा:
दोघं. कीबोर्डवाली वरच्या पट्टीत छान गाते.

जुन्या_तबकड्या:
मग 'होल्ड माय हँड'पासूनच तालीम सुरू करा.