मदत हवी आहे: हिरड्यांची साल निघते, बायॉप्सीत काही कळलं नाही, दुसरी करावी का?

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतोय. वय ५८. बरेच महिने हिरड्या लालभडक आहेत, वरच्या पुढच्या दातांपाशी तर सोलल्यासारख्या. ब्रश लागला की पांढुरकी पातळ साल सुटून येते आणि खाली ओलं लाल मांस दिसतं. टूथपेस्टच्या फेसानेही डोळ्यांत पाणी येतं. पायोरिया समजून दात साफ करून घेतले, सूज थोडी उतरली, साल निघणं मात्र चालूच. दात हलत नाहीत, पू नाही. गालाच्या आत मधूनच फोड येतो, लगेच फुटतो, जखम राहते.

डेंटिस्ट म्हणतात हा 'डिस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस' (साल निघणारा हिरड्यांचा दाह), आणि मागे लायकेन प्लॅनस, पेम्फिगॉइड किंवा पेम्फिगस असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर, तोंडाच्या आवरणावर उलटते असे आजार. बायॉप्सी केली. रिपोर्ट: व्रण, जुनाट दाह, वरचं आवरण तुकड्यात नाही. रक्ताची एएनए चाचणी निगेटिव्ह. आता इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (तुकड्यात चिकटलेली प्रतिपिंडं चमकवून बघायची तपासणी) पुन्हा तुकडा घ्यायचा म्हणतात. आई म्हणते, "एकदा कापलंय ना, पुरे झालं." नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, सरळ स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करा.

दुसऱ्या बायॉप्सीने वेगळं काही कळतं का? आणि गोळ्या आधी घेतल्या तर काय बिघडतं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी ओरल मेडिसिनमध्ये काम करते. तुमच्या रिपोर्टातलं 'आवरण नाही' हेच महत्त्वाचं. तुकडा बहुधा जखमेतूनच घेतला गेला. या आजारांत बिघाड असतो तो आवरणात किंवा आवरण खालच्या थराला जिथे चिकटतं तिथे. ते गळूनच गेलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट बघणार काय? या वेळी जखमेच्या शेजारचा, वरून धड दिसणारा भाग घ्यायला सांगा. दोन तुकडे लागतात: एक नेहमीसारखा फॉर्मेलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी मिशेल्स माध्यमात (तुकडा लॅबपर्यंत टिकवणारं खास द्रावण). इम्युनोफ्लुरोसन्सचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की तपासणी वाया गेली. हे तुकडा घेण्याआधीच बोलून ठेवा.

पेम्फिगसमध्ये आयजीजी (एक प्रकारचं प्रतिपिंड) पेशींच्या मधल्या जागेत जाळीसारखं दिसतं, पेम्फिगॉइडमध्ये आवरणाच्या तळाशी सरळ रेघ. पेम्फिगससाठी रक्तात डेस्मोग्लीन १ आणि ३ (पेशी एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं) यांच्याविरुद्धची प्रतिपिंडंही बघतात. एएनए निगेटिव्ह आलं म्हणून यातलं काहीच बाद होत नाही, ती चाचणी मुख्यतः ल्युपससारख्या आजारांसाठी.

गोळ्यांबद्दल: आधी सुरू केल्या तर हिरड्या निवळतील आणि निदान धूसर होईल. शिवाय तिन्हींचा उपचार एकसारखा नाही. लायकेन प्लॅनस बऱ्याचदा नुसत्या लावायच्या स्टिरॉइडवर आटोक्यात राहतो, पण त्यात कर्करोगाचा थोडा धोका असल्याने नियमित तपासणी लागते. पेम्फिगस तोंडात सुरू होऊन पुढे कातडीवर उतरू शकतो, तिथे पोटातून औषधं लागतात, हल्ली रिटक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शनही देतात. तुम्ही नेमकं कशावर उपचार करणार, ते आधी ठरू दे. मात्र आईंना गिळताना त्रास, आवाज बसणं किंवा अंगावर फोड असतील तर रांग लावू नका, लगेच दाखवा.

प्रतिसाद २

मला म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड आहे, म्हणजे तोंड, डोळे अशा ओल्या आवरणांचा पेम्फिगॉइड. आईंचे डोळे विचारा! लाली, खुपणं, सकाळी पापणी चिकटणं. माझ्याकडेही सगळे तोंडातच बघत बसले होते. या आजारात डोळ्यात व्रण पडून पापणी आतून बुबुळाच्या बाजूला चिकटू शकते, आणि गेलेली दृष्टी परत आणणं अवघड. बायॉप्सीच्या तारखेची वाट न बघता नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

तोवर: मऊ ब्रश, फेस न होणारी म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट, पुदिना किंवा दालचिनीचा स्वाद नको. दुखतं म्हणून ब्रश सोडायचा मात्र नाही, कीटण साचलं की हिरड्या अजून चिघळतात. मला हिरड्यांवर बसणाऱ्या ट्रेमधून क्लोबेटासोल हे स्टिरॉइडचं जेल दिलं होतं, थुंकीने धुऊन जात नाही. त्याने तोंडात बुरशी होऊ शकते, पांढरे डाग दिसले तर सांगायचं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आईला डोळ्यांचं विचारलं, तर म्हणाली "खुपतात की, वयाने असेल." उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे नेतोय. तुकडा जखमेतून घेतला होता हे सांगितल्यावर ती बायॉप्सीलाही जरा नरमली. एक शंका: इथून लॅब लांब आहे, तुकडा पोचायला दोन दिवस लागले तर चालेल?

प्रतिसाद १

मिशेल्समध्ये असेल तर चालेल, त्यात काही दिवस टिकतो. बाटली लॅबकडून आधी मागवून घ्या, क्लिनिकमध्ये ती असेलच असं नाही.